खिडकी कुठे, खाट कुठे: व्हिक्टोरियन बालरुग्णालयाची बांधणी

जुन्या ब्रिटिश रुग्णालयाच्या लांबट इमारतीसमोर उभं राहून खिडक्या मोजल्या, की आत किती खाटा होत्या ते बाहेरूनच सांगता येतं. एका बाजूला आठ उंच खिडक्या आहेत असं धरा. खिडक्यांच्या मधे भिंतीचे सात पट्टे उरतात. प्रत्येक पट्ट्याला दोन खाटा टेकवायच्या म्हणजे चौदा, आणि दोन टोकांच्या कोपऱ्यांत एकेक. झाल्या सोळा. समोरच्या भिंतीलाही तेवढ्याच, म्हणजे वॉर्ड बत्तीस खाटांचा. खाट आधी ठरायची आणि खिडकी तिच्या मागून यायची. कमानी, मनोरे, रंगीत विटा हे सगळं त्यानंतरचं काम.

या इमारती बघताना लोक बहुतेक वेळा मनोऱ्यांकडे बघतात. साहजिक आहे, ते दिसतातच तसे. पण इमारत खरी कळते ती तिला हवा खेळवणारं यंत्र मानून बघितलं की. मुलांच्या रुग्णालयात हे यंत्र जरा जास्तच गुंतागुंतीचं होतं. त्यासाठी लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचं बालरुग्णालय डोळ्यासमोर ठेवू, कारण तिथे घरातलं रुग्णालय आणि मुद्दाम बांधलेलं रुग्णालय हे दोन्ही टप्पे एकाच जागेवर झाले.

१८४३ मध्ये लंडनच्या रुग्णालयांत मिळून २,३६३ रुग्ण दाखल होते, असं एका पाहणीत निघालं. त्यांत दहा वर्षांखालची मुलं फक्त २६. आणि शहरात दरवर्षी मरणाऱ्या सुमारे ५०,००० जणांपैकी २१,००० मुलं याच वयाची. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ४९, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या पत्त्यावर दहा खाटांचं बालरुग्णालय उघडलं ते या पार्श्वभूमीवर. (पॅरिसमध्ये मुलांचं वेगळं रुग्णालय १८०२ पासूनच होतं, इंग्रज या बाबतीत पन्नास वर्षं मागे.) वास्तू म्हणजे अठराव्या शतकातले नावाजलेले डॉक्टर रिचर्ड मीड यांचं जुनं राहतं घर. १८५८ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी भाषण आणि जाहीर वाचन करून पैसे उभे केले, शेजारचं घर घेता आलं आणि खाटा २० वरून ७५ झाल्या.

श्रीमंताचं घर रुग्णालय म्हणून का चालत नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. घराच्या मधोमध जिना असतो आणि सगळ्या खोल्या त्याच्याभोवती. जिन्याची पोकळी म्हणजे आयतं धुराडं: तळघरातल्या स्वयंपाकाचा, कपडे धुण्याचा, गटाराचा वास गरम हवेबरोबर थेट वरच्या खोल्यांत जातो. खोल्यांना बहुधा एकाच बाजूला खिडक्या, त्यामुळे हवा आत येते आणि तिथेच घुटमळते. कोरीव छत, लाकडी पॅनेल, कागद चिकटवलेल्या भिंती, सगळीकडे धूळ धरायला जागा. आणि परिचारिकेला एका जागी बसून सगळी मुलं दिसत नाहीत. मोठा माणूस हाक तरी मारतो. दोन वर्षांचं पोर गुदमरलं तर आवाजही करत नाही.

म्हणून घरांच्या मागच्या बागेत नवी इमारत उभी राहिली आणि १८७५ मध्ये उघडली. वास्तुविशारद एडवर्ड मिडलटन बॅरी. ब्रिटिश संसदेची इमारत उभारणारे सर चार्ल्स बॅरी त्यांचे वडील, आणि कॉव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाउस हे एडवर्ड यांचं आधीचं काम.

हिशेब

त्या काळी रोग दुर्गंधीतून, सडक्या हवेतून पसरतो असं मानत. सिद्धांत चुकीचा होता. पण त्यातून निघालेला उपाय, म्हणजे रुग्णाभोवतीची हवा सतत बदलत ठेवा, हा बऱ्याच अंशी बरोबर निघाला. वास्तुशास्त्रात असं भाग्य क्वचितच वाट्याला येतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ पासून रुग्णालयांच्या बांधणीवर जे लिहिलं त्यात दर खाटेला किमान १,५०० घनफूट जागा मागितली होती. वॉर्डाची रुंदी ३० फुटांच्या आसपास ठेवायची, कारण त्याहून रुंद झाला तर एका खिडकीतून आलेली हवा समोरच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. उंची १५ फूट धरली तर बत्तीस खाटांचा हिशेब असा: ३२ गुणिले १,५०० म्हणजे ४८,००० घनफूट, त्याला ३० गुणिले १५, म्हणजे ४५० ने भागलं की लांबी येते सुमारे १०७ फूट. दर खाटेला १०० चौरस फूट जमीन आणि भिंतीची पावणेसात फूट लांबी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली १० बाय १० ची खोली आठवा. तेवढी जमीन एका खाटेला, आणि छत दीडपट उंच.

इथे एक लबाडी करता येते, आणि काहींनी ती केलीही. छत आणखी उंच करायचं आणि खाटा जवळ आणायच्या. घनफूट कागदावर भरतात, पण खाटांमधलं अंतर घटतं, आणि खिडकीच्या वर उरलेली हवा हलतच नाही. म्हणून जाणकार मंडळी ठरावीक उंचीच्या वरची जागा हिशेबात धरू देत नसत, आणि खिडकी छतापासून फूटभर अंतरापर्यंत न्यायला लावत.

घनफूट ही साठवण झाली. खरी गोष्ट हवा बदलण्याची. लष्करी आरोग्याचे तज्ज्ञ एडमंड पार्क्स आणि द शोमाँ यांचा हिशेब आजही तपासून बघण्यासारखा आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. आत तो ०.०६ टक्क्यांवर गेला की बाहेरून येणाऱ्या माणसाला खोली कोंदट वाटते. म्हणजे माणसाच्या श्वासामुळे ०.०२ टक्के एवढीच भर चालेल. एक माणूस तासाला सरासरी ०.६ घनफूट कार्बन डायऑक्साइड सोडतो. ०.६ भागिले ०.०००२, उत्तर ३,०००. तेव्हा दर माणशी तासाला ३,००० घनफूट ताजी हवा हवी. आजच्या भाषेत ही मर्यादा ६०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत सहाशे भाग. मीटर घेऊन आपल्याकडच्या एसी वर्गात गेलात तर याच्या दुप्पट आकडा सहज दिसेल.

१,५०० घनफुटाच्या खाटेला ३,००० घनफूट म्हणजे तासाला दोनदा पूर्ण हवा बदलणं. आजच्या ब्रिटिश मानकात साध्या वॉर्डासाठी हे प्रमाण तासाला सहा आहे. समोरासमोर खिडक्या उघड्या असतील तर जुना वॉर्ड तेवढं सहज देतो. अडचण हिवाळ्यातली, जेव्हा कुणी खिडकी उघडू देत नाही.

लहान मूल कमी श्वास सोडतं, तासाला सुमारे ०.४ घनफूट. या हिशेबाने त्याला २,००० घनफूट पुरेत, म्हणजे वॉर्डात जास्त खाटा बसवता येतील. पैसे देणाऱ्यांना हा युक्तिवाद फार आवडणारा. पण मुलांच्या वॉर्डात ओली दुपटी असतात, उलट्या असतात, आणि मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा परिचारिका जास्त लागतात, त्याही श्वास घेतात. शिवाय संध्याकाळी गॅसचे दिवे लागत आणि एकेक ज्योत काही माणसांइतकी हवा बिघडवत असे. थोडक्यात, पोर लहान म्हणून हवा कमी, हे गणित फसवं होतं. नाइटिंगेल स्वतः तर मुलांच्या वेगळ्या रुग्णालयाच्याच फारशा बाजूच्या नव्हत्या. मुलं स्त्रियांच्या वॉर्डात ठेवली तर त्यांच्याकडे लक्ष द्यायला आणखी हात मिळतात, असं त्यांचं म्हणणं.

वारा न लागता हवा

तासाला ३,००० घनफूट हवा २४ चौरस इंचांच्या भोकातून आत घ्यायची ठरवली, तर तिचा वेग सेकंदाला ५ फूट होतो. हा वारा तापलेल्या मुलाच्या छातीवर आला तर आई खिडकीत चिंधी कोंबणारच. भोक दुप्पट, ४८ चौरस इंच केलं की वेग अडीच फुटांवर येतो; जाणवतो, पण बोचत नाही. व्हिक्टोरियन वायुवीजनाची अर्धी कारागिरी या एका अडचणीभोवती फिरते: हवा भरपूर हवी आणि वारा नको.

म्हणून वॉर्डाची खिडकी तीन भागांची करत. खाली वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा आणि सगळ्यात वर आतल्या बाजूला कलणारी आडवी झडप. तिच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे किंवा काचेचे त्रिकोणी गाल लावलेले, नाहीतर कललेल्या झडपेच्या बाजूंनी थंड हवा सरळ खाटांवर कोसळते. गाल असले की हवेला वर छताकडेच जावं लागतं. तिथल्या उबदार हवेत मिसळून ती सावकाश खाली येते. जुन्या इमारतींत आज हे गाल बहुतेक ठिकाणी गायब असतात. कुणीतरी रंगकामाच्या वेळी काढून ठेवले, परत लावले नाहीत. मग ती झडप वारा मारते म्हणून कायमची बंद होते, आणि अख्ख्या वॉर्डाचा हिवाळी श्वास थांबतो.

याखेरीज टोबिनची नळी असायची. भिंतीच्या तळाशी बाहेरून हवा आत घेणारी जाळी आणि आत भिंतीलगत पाच-सहा फूट उंचीचा उभा चौकोनी पाइप. हवा कारंज्यासारखी वर फेकली जाते आणि कुणाच्या अंगावर येत नाही. कल्पना छान, पण पाइपच्या तळाशी धूळ, काजळी, मेलेल्या माश्या साचतात. तळाशी साफसफाईची दारं ठेवलेली असत. ती उघडली गेली नाहीत तर ताज्या हवेच्या नावाखाली वर्षानुवर्षांची धूळ वॉर्डात येते.

हवा बाहेर काढायचं काम शेकोटी करी. धुराड्यात गरम हवा वर चढते आणि खोलीतली हवा ओढून नेते. साध्या शेकोटीची बहुतेक उष्णता मात्र त्याच वाटेने आकाशात जाते. डग्लस गॅल्टन यांनी यावर तोड काढली: शेगडीच्या मागे पोकळी ठेवून बाहेरची थंड हवा तीत खेळवायची, आणि तिथे तापलेली हवा छताजवळच्या जाळीतून वॉर्डात सोडायची. एकाच जाळात घाण हवा बाहेर, ताजी हवा आत, तीही कोमट. यात बिघाड झाला की मात्र धोका असे. धुराडं आणि ही पोकळी यांच्यामधला लोखंडी पडदा तडकला, तर ताज्या हवेच्या जाळीतून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वॉर्डात येतो, आणि कुणाला संशयही येत नाही. जुनी शेकोटी पुन्हा पेटवायचा उत्साह कुणाला आला तर आधी हा पडदा तपासून घ्यावा.

मुलांच्या वॉर्डात शेकोटीभोवती उंच, वरूनही झाकलेला जाळीचा पिंजरा लागे. तो जमिनीत पक्का बसवत, कारण रांगणारं मूल धरून उभं राहायला नेमका तोच आधार शोधतं.

संडासाचा मनोरा

आता मनोऱ्यांकडे बघायला हरकत नाही. वॉर्डाच्या टोकाला कोपऱ्यांवर जे नक्षीदार मनोरे दिसतात, त्यांत बहुतेक वेळा संडास, न्हाणीघर आणि भांडी विसळायची मोरी असते. एका कोपऱ्यात संडास आणि मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात आंघोळ. वॉर्ड आणि मनोरा यांच्यामधे छोटी अरुंद खोली, तिला दोन्ही बाजूंना खिडक्या आणि दोन दारं. एक दार उघडलं तरी दुसरं मिटलेलं, आणि मधल्या जागेतून आरपार वारा. गटाराचा वास वॉर्डात शिरूच नये म्हणून इमारतीचा गळा असा आवळलेला असे.

मैल्याचा नळ भिंतीच्या बाहेरून, साधारण चार इंचांचा, ओतीव लोखंडाचा. वरचं टोक छपराच्या वर उघडं ठेवलेलं. प्रत्येक भांड्याखाली वाकडा पाइप, ज्यात सुमारे दोन इंच पाणी अडून राहतं आणि गटारातल्या वायूला झाकण घालतं. वरच्या मजल्यावर एकदम पाणी सोडलं की खाली जाणारा लोंढा खालच्या मजल्यावरचं हे पाणी ओढून नेई आणि झाकण उघडं पडे. उपाय म्हणून प्रत्येक वाकाच्या माथ्याला वेगळी हवेची नळी जोडायला लागले. जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर जाड नळाशेजारी बारीक नळ दिसतो, तो हाच. कुणी तो निरुपयोगी समजून कापला की पंधरवड्यात खालच्या मजल्यावर वास सुरू होतो. आणि बंद पडलेल्या वॉर्डात गटाराचा वास येत असेल तर तोडफोड करण्याआधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून बघावं. बरेचदा वाकातलं पाणी नुसतं उडून गेलेलं असतं.

भिंती, जमीन, कोपरे

भिंत शोषणारी नको, हा नियम. साधा चुन्याचा गिलावा ओल आणि वास दोन्ही पितो. म्हणून वॉर्डात जिप्समचा कडक गिलावा वापरत: टाकणखार घालून भाजला की पॅरियन, तुरटी घालून भाजला की कीन्सचा. तो घोटून गुळगुळीत करता येतो, कपड्याने पुसता येतो. कोपरे गोल करत, म्हणजे झाडूला न सापडणारी धूळ राहत नाही. पण हा गिलावा जिप्समचा आहे, त्याला सततची ओल सोसत नाही. बाहेर पन्हळ फुटलं आणि महिनोन्महिने पाणी झिरपलं की आत फुगवटे येतात. त्यावर सिमेंट थापणं ही सर्रास होणारी चूक: जिप्सम आणि सिमेंट ओलीत एकमेकांशी भांडतात, सांध्यात फुगणारे क्षार तयार होतात आणि दोन्ही थर सुटून येतात. आधी पन्हळ दुरुस्त करायचं, भिंत पुरती सुकू द्यायची, मग जिप्समनेच डागडुजी.

जमीन ओक किंवा सागाच्या अरुंद, घट्ट सांध्यांच्या पट्ट्यांची. ती पाण्याने धुवायची नाही, मेण आणि टर्पेंटाइनने घासायची, कारण पाणी सांध्यांतून खाली जाऊन तिथेच कुजतं. जमिनीखाली मात्र एक गंमत असते. आवाज खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून तुळयांच्या मधे राख, भट्टीची खडी, चुना असलं काहीतरी भरलेलं. मुलांच्या रुग्णालयात आवाजाचा प्रश्न मोठाच, एक रडायला लागलं की सगळा वॉर्ड सूर धरतो. पण ही भर दीडशे वर्षांची धूळ सांभाळून बसलेली असते; पट्ट्या उचलताना मास्क लावावा आणि त्या दिवशी शेजारच्या वॉर्डात रुग्ण ठेवू नयेत.

जिथे आगीची धास्ती जास्त, तिथे लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधे विटांच्या किंवा काँक्रीटच्या बुटक्या कमानी. मुंबईतल्या जुन्या चाळी-वाड्यांत, सरकारी कचेऱ्यांत हे छत आपण पाहिलेलं आहे. त्याचा शत्रू गंज. गंजलेलं लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं आणि कमानीचा पाया ढकलतं. छताला गर्डरच्या रेषेत सरळ, लांब चीर दिसली की समजावं.

फक्त मुलांसाठी काय वेगळं

मोठ्यांच्या वॉर्डात खिडकीचा उंबरठा तीन फुटांवर असला तरी चालतं. मूल खाटेत बसून बाहेर बघणार असेल तर तो खाली आणावा लागतो, आणि खाली आणला की पडण्याची भीती. म्हणून खालची झडप काही इंचांच्या वर सरकू नये अशी खुंटी. पाळण्यांना दोन्ही बाजूंना सरकते कठडे. त्यांच्या गजांमधलं अंतर फार महत्त्वाचं, डोकं जाईल एवढं नको, आणि पाय अडकेल असं चिंचोळंही नको. वॉर्ड शक्यतो बत्तीस खाटांचा करत नसत, त्याहून लहान. परिचारिकेला प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे. तिच्या खोलीतून वॉर्डात बघायला काचेची खिडकी.

पण मोठा उघडा वॉर्ड मुलांच्या बाबतीत एका ठिकाणी सपशेल हरला. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प. हवा कितीही खेळती असली तरी खेळणी एका पाळण्यातून दुसऱ्यात जातात, आणि गोवर तर हवेतूनच पोचतो. पाय मोडून आलेलं मूल गोवर घेऊन घरी जाई. म्हणून बाह्यरुग्ण विभागाला रस्त्यावरून वेगळा दरवाजा ठेवत, म्हणजे तिथली खोकणारी गर्दी मुख्य जिन्यावर येणारच नाही. नव्या मुलासाठी निरीक्षणाची वेगळी खोली, संसर्गाच्या रुग्णांसाठी वरच्या मजल्यावर किंवा आवारात सुटा विभाग. पुढे १९०० मध्ये पॅरिसच्या पाश्चर रुग्णालयात प्रत्येक रुग्णाला काचेच्या भिंतींची स्वतंत्र खोली दिली गेली. तिथून लांब उघड्या वॉर्डाचे दिवस भरत आले.

एक वाट सगळ्यांनाच नकोशी, पण आराखड्यात काढावीच लागे. मेलेलं मूल वॉर्डातून कसं न्यायचं? ती वाट इतर मुलांच्या खिडक्यांसमोरून जाता कामा नये. एडिंबराच्या बालरुग्णालयात शवगृहालाच छोटं चॅपल केलं होतं, आणि १८८५-८६ मध्ये फीबी ॲना ट्रेक्वेअर यांनी त्याच्या भिंती रंगवल्या. तान्हं मूल गेलेल्या आईबापांना बसायला ती जागा. शीन्स रोडवरची लाल दगडाची नवी इमारत (वास्तुविशारद जॉर्ज वॉशिंग्टन ब्राउन, १८९५) झाली तेव्हा चित्रांचा काही भाग तिकडे हलवला. २०२१ मध्ये रुग्णालय तिथूनही निघालं.

चॅपल उचलून नेलं ते

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटची बॅरी यांची इमारत आता नाही. तिचा एक तुकडा उरला आहे, सेंट क्रिस्टोफर चॅपल. १८७५ चं हे छोटंसं देवघर, बाहेर डामडौल काही नाही आणि आत मात्र डोळे दिपतील असं: मधे घुमट, सोनेरी नक्षी, रंगीत काचांत बाळ येशूच्या आणि मुलांच्या कथा. घुमटात पेलिकन पक्षिणी स्वतःच्या छातीत चोच मारून रक्ताच्या थेंबांवर पिल्लं पोसते आहे. जमीन व्हेनिसच्या अंतोनिओ साल्व्हियाती यांची. विल्यम हेन्री बॅरी यांनी पत्नी कॅरोलाइनच्या स्मरणार्थ ४०,००० पौंड दिले, त्यातून हे झालं.

जुनं रुग्णालय पाडायची वेळ आली तेव्हा हे चॅपल पाडलं नाही, अख्खंच्या अख्खं सरकवलं. रंगीत काचा आणि सामान आधी काढून घेतलं, खाली काँक्रीटचा तराफा केला आणि चॅपल त्याच्यासकट नव्या जागी नेलं. १४ फेब्रुवारी १९९४ रोजी, रुग्णालयाच्या वाढदिवशी, ते नव्या इमारतीत पुन्हा उघडलं.

असं काम कसं करतात? आधी आतून घुमट आणि कमानींना लाकडी-पोलादी आधार देतात, कारण कमानीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. मग भिंतीच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडून पोलादी तुळया आरपार घालतात. सगळी भोकं एकदम कधीच नाही, एक सोडून एक. या तुळयांना धरून काँक्रीट ओततात आणि भिंतीचं वजन तराफ्यावर येतं. आता पायाशी नातं तोडायचं, खाली रूळ टाकायचे, वंगण लावायचं आणि हायड्रॉलिक जॅकनी इंच इंच ढकलायचं. धोका वेगाचा नसतो, असमान उचलण्याचा असतो. एक कोपरा दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे झाला तर तराफा पिळला जातो आणि पहिली चीर घुमटाच्या माथ्यावर उमटते. म्हणून प्रत्येक जॅकची चाल स्वतंत्रपणे मोजत राहतात, आणि आकडे जुळेपर्यंत थांबतात.

इकडे आल्यावर

मुंबईत याच काळातली स्त्रिया आणि मुलांची इमारत म्हणजे कामा रुग्णालय, १८८६. आराखडा खान बहादूर मंचरजी मर्झबान यांचा, थाट गॉथिक. पण लंडनच्या यंत्रातले निम्मे भाग इथे लागतच नाहीत. शेकोटी नको. हिवाळ्यात हवा कोमट करायची कटकट नाही. त्याऐवजी ऊन आणि तिरका पाऊस अडवायचा आहे. म्हणून या हवामानात वॉर्डाबाहेर रुंद व्हरांडा येतो, भिंत सावलीत राहते आणि जुलैच्या पावसातही खिडक्या उघड्या ठेवता येतात. व्हरांड्यात काचा लावून किंवा पत्रे ठोकून खोल्या काढल्या की मागच्या वॉर्डाचा वारा बंद होतो. आपल्याकडच्या जुन्या सरकारी इमारतींत ही चूक इतकी सर्रास आहे की मूळ व्हरांडा कुठे होता ते शोधावं लागतं.

खोटं छत हा दुसरा प्रकार. एसीच्या नळ्या लपवायला ९ फुटांवर छत लावलं, की खिडकीचा वरचा भाग आणि आत कलणारी झडप दोन्ही त्याच्या वर अडकतात. वर कोंडलेल्या जागेत ओल साचते, गर्डर गंजतो आणि तो दिसतही नाही.

आणि सरकत्या खिडक्या. झडप दोरीला टांगलेली असते. दोरी चौकटीतल्या चाकावरून आत जाते आणि भिंतीतल्या लाकडी पेटीत ओतीव लोखंडाचं वजन लोंबतं. दोन्ही बाजूंची वजनं मिळून झडपेइतकी भरली की एका बोटाने खिडकी हलते. वॉर्डातली ४ बाय ५ फुटांची झडप घ्या. काच ३ मिलिमीटरची, वजन सुमारे १४ किलो. लाकूड १० किलो धरा. एकूण २४, म्हणजे दर बाजूला १२ किलो. आता उष्णता वाचवायला ४ अधिक ४ मिलिमीटरची दुहेरी काच बसवली तर काचच ३७ किलोची होते, झडप ४७ ची, आणि दर बाजूला साडेतेवीस किलो हवेत. जुनी वजनं तशीच ठेवली तर खालची झडप उघडल्यावर धाडकन खाली येते, मुलांच्या वॉर्डात बोटांवर. त्याच मापाचं शिशाचं वजन ओतलं तर ते लोखंडाच्या दीडपटीहून थोडं जास्त, पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतं. म्हणजे तरीही कमी. काच ३ अधिक ३ ची घेतली तर झडप ३८ किलोची होते, दर बाजूला १९ लागतात आणि शिसं जेमतेम पुरतं. खालच्या झडपेला हे किंचित हलकं वजनच हवं, त्याने ती बंद राहते. वरच्या झडपेचं वजन मात्र किंचित जड पाहिजे, नाहीतर ती हळूहळू खाली सरकत येते. तिच्यासाठी वजनाच्या खाली अर्ध्या किलोची शिशाची चकती अडकवायची आणि मगच पेटीचं झाकण लावायचं.